पाहण्यासारखे काही नसलेली नगरी : अलेक्झांड्रिया, ऋद्धिपूर आणि 'स्थान' ही संकल्पना

१

प्रवासवर्णनाची मराठी समीक्षा बहुधा प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरत आली आहे. लेखकाची दृष्टी किती ताजी, निरीक्षण किती सूक्ष्म, निवेदन किती प्रसन्न, हे प्रश्न आपण आवर्जून विचारतो. एखादे गाव मुळात पाहावेसे का वाटते, हा प्रश्न मात्र आपण सुटलेलाच आहे असे धरून चालतो. गाव सुंदर असेल, पुरातन असेल, तेथे काही भव्य वास्तू असतील, म्हणून माणसे तेथे जातात, एवढे उत्तर आपल्याला पुरेसे वाटते. भूमध्य समुद्राच्या काठावरील व्हेनिस किंवा नेपल्स यांसारख्या नगरींपुरते ते बऱ्याच अंशी पुरतेही. पाणी, प्रकाश आणि दगड यांची तेथील मांडणी आगंतुकाच्या डोळ्यांना कोणाच्या मध्यस्थीवाचून खुणावते.

परंतु ज्यांचे सारे वैभव लयाला गेले आहे, डोळ्यांना दाखवावे असे ज्यांच्याजवळ फारसे उरलेले नाही, आणि तरीही ज्यांच्याकडे येणाऱ्यांचा ओघ शतकानुशतके थांबलेला नाही, अशाही काही नगरी आहेत. अशा नगरीची मोहिनी नेमकी कशात असते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी येथे दोन नगरी शेजारी ठेवल्या आहेत. एक भूमध्य समुद्रावरील अलेक्झांड्रिया, आणि दुसरी वऱ्हाडातील ऋद्धिपूर, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील आजचे रिद्धपूर. एक जगद्विख्यात बंदर, तर दुसरे समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेले गाव. ही जोडी प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. दोहोंना जोडणारा धागा भूगोलाचा नसून वाङ्मयाचा आहे, हे पुढे स्पष्ट व्हावे.

डीन मॅक्‌कॅनेल या समाजशास्त्रज्ञाने 'द टूरिस्ट' (१९७६) या ग्रंथात प्रेक्षणीयतेची फोड तीन घटकांत केली : पाहण्याची वस्तू, पाहणारा, आणि ती वस्तू पाहण्याजोगी आहे असे सांगणारी खूण. ही खूण म्हणजे पाटी असेल, मार्गदर्शक पुस्तक असेल, ऐकलेली गोष्ट असेल. जोनाथन कलर याने १९८१ मध्ये पर्यटनाच्या चिन्हमीमांसेवरील निबंधात हाच विचार पुढे नेला. खुणेवाचून वस्तू 'स्थळ' होत नाही. इतकेच नव्हे, तर पुष्कळदा पाहणारा वस्तूपेक्षा खुणेनेच अधिक तृप्त होतो, असे त्याच्या विवेचनाचे तात्पर्य आहे. आधुनिक पर्यटनाच्या उदाहरणांवर उभा असलेला हा सिद्धान्त एका टोकाच्या शक्यतेपर्यंत नेऊन पाहण्याजोगा आहे. वस्तू पूर्णपणे नाहीशी झाली आणि केवळ खूण उरली, तर काय होते? अलेक्झांड्रिया आणि ऋद्धिपूर ही या शक्यतेची दोन ऐतिहासिक उत्तरे आहेत.

२

इ. स. पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने वसविलेल्या या नगरीची कीर्ती प्रामुख्याने तीन गोष्टींवर उभी होती : तिचे दीपगृह, तिचे ग्रंथालय आणि तिच्या संस्थापकाची समाधी. या तिन्हींपैकी एकही आज उभी नाही. ग्रंथालय नेमके केव्हा आणि कसे नाहीसे झाले याविषयी विद्वानांत वाद आहे. समाधीची जागा आजवर निश्चितपणे सापडलेली नाही. फारोस बेटावरील दीपगृह इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले; ते दीर्घकाळ टिकले आणि भूकंपांनी हळूहळू ढासळत गेले. १३०३च्या भूकंपाचा तडाखा विशेष मोठा होता. इब्न बतूता हा प्रवासी १३२६ मध्ये तेथे गेला तेव्हा दीपगृहाची एक बाजू पडलेली होती. १३४९ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा दारापर्यंत पोहोचून आत शिरणेही अशक्य व्हावे इतकी पडझड झाल्याचे त्याने नोंदविले. या दोन भेटींच्या दरम्यान तो हिंदुस्थानात होता आणि दौलताबादेवरून गेला होता. पुढे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जागी सुलतान कैतबे याने किल्ला बांधला. आज दीपगृह पाहायला आलेला मनुष्य पाहतो तो हा किल्ला.

या अभावाला विसाव्या शतकात ज्याने वाङ्मयीन रूप दिले तो लेखक म्हणजे ई. एम्. फॉर्स्टर. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१९ या वर्षांत, तो रेडक्रॉसच्या कामासाठी अलेक्झांड्रियात होता. रुग्णालयांतील जखमी सैनिकांना भेटून बेपत्ता सैनिकांविषयी माहिती गोळा करणे, हे त्याचे काम होते. जे आज नाहीत त्यांच्याविषयी, ज्यांनी त्यांना शेवटचे पाहिले त्यांच्या तोंडून ऐकायचे आणि लिहून घ्यायचे, असे या कामाचे स्वरूप होते. याच मुक्कामात त्याने नगरीचा अभ्यास आरंभिला आणि १९२२ मध्ये 'अलेक्झांड्रिया : अ हिस्टरी अँड अ गाइड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. येथील प्रेक्षणीय वस्तूंत स्वतःचे असे फारसे आकर्षण नाही, भूतकाळाच्या वाटेने त्यांच्याकडे गेले तरच त्या भुरळ घालतात, अशी भूमिका फॉर्स्टरने वाचकाला आरंभीच सांगून टाकली आहे. मार्गदर्शक पुस्तकाच्या लेखकाने अशी कबुली द्यावी, ही गोष्ट साधी नाही.

या पुस्तकाची रचना त्या भूमिकेतूनच निघाली आहे. पूर्वार्ध इतिहासाचा आणि उत्तरार्ध नगरदर्शनाचा, असे त्याचे दोन भाग आहेत. इतिहास वाचताना मध्येच एखाद्या रस्त्याचा वा चौकाचा निर्देश येतो आणि वाचकाला उत्तरार्धाकडे पाठवितो. नगरदर्शन वाचताना एखाद्या ओसाड जागेपाशी लेखक थांबवितो आणि पूर्वार्धातील प्रकरणाकडे परत धाडतो. दोन्ही भागांच्या मधल्या जागेत कवाफी या अलेक्झांड्रियावासी ग्रीक कवीची एक कविता भाषांतररूपाने ठेवलेली आहे. तिचा विषय नगरीचा निरोप घेणे हा आहे. इतिहास आणि भूगोल यांच्या सांध्यावर कविता असावी, हे पुस्तकाच्या आकृतिबंधाचे मर्म आहे. पाहणाऱ्याची नजर आणि रिकामी जागा यांमध्ये संहिता उभी राहते, आणि तीच नगरीला दृश्यमान करते.

या संहितेच्या सामर्थ्याचा पुरावा पुढील काळानेच दिला. लॉरेन्स ड्यूरेलची 'अलेक्झांड्रिया क्वार्टेट' ही कादंबरीचतुष्टयी १९५७ ते १९६० या काळात आली आणि तिच्या वाचकांनी आपापली अलेक्झांड्रिया शोधायला त्या नगरीची वाट धरली. पाटबंधारे खात्यात कारकुनी करणाऱ्या कवाफीचे राहते घर आज संग्रहालय झाले आहे. अलेक्झांडरची समाधी सापडली नाही. पण एका कवीची खोली मात्र दर्शनीय ठरली.

३

ऋद्धिपूरचा इतिहास आरंभी याच्या अगदी उलट दिशेने जातो. अलेक्झांड्रियाला सम्राट होता, आरमार होते, व्यापार होता. ऋद्धिपूरला तेराव्या शतकात होता एक वेडसर समजला जाणारा पुरुष. गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ हे जवळच्याच काटसुरे गावचे. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे ऋद्धिपुरात नातलगांकडे वाढलेले. ते मुलांशी खेळत, स्वतःशी बोलत, कोणाच्याही घरात शिरून हाती लागेल ते खात, आणि हे करताना जातीपातीचा विधिनिषेध पाळीत नसत. गावातील लोक त्यांना आई आणि बाप या दोन्ही नात्यांनी हाक मारीत.

या पुरुषाच्या दर्शनासाठी आलेला सर्वांत महत्त्वाचा आगंतुक समुद्रकाठचा होता. महानुभाव परंपरेनुसार श्रीचक्रधर हे भडोचच्या प्रधानाचे पुत्र. भडोच म्हणजे ग्रीक नाविकांचे बॅरिगाझा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. तेथून तो तांबड्या समुद्रातील बंदरांत आणि पुढे नाईलमार्गे अलेक्झांड्रियाच्या बाजारात पोहोचत असे. हा व्यापारी मार्ग दख्खनेतून समुद्राकडे जाणारा होता. चक्रधरांचा मार्ग समुद्राकडून आत येणारा होता. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघालेले चक्रधर ऋद्धिपुरास थांबले, आणि गोविंदप्रभूंनी दिलेल्या साध्या खाद्यपदार्थाच्या प्रसादातून त्यांना शक्तिस्वीकार घडला, असे लीळाचरित्र सांगते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला वळण देणारी ही घटना ना मंदिरात घडली, ना दरबारात. एका गावात, खाण्याच्या एका जिनसेच्या देवघेवीत ती घडली.

१२७४च्या सुमारास चक्रधर उत्तरापंथे गेले. त्यांच्या वियोगाने व्याकुळ झालेले नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट आदी शिष्य ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत येऊन राहिले. महदाइसेचे धवळे येथलेच, आणि लीळाचरित्राची सिद्धताही येथलीच. १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी हे काम हाती घेतले असे मानले जाते. त्यांची कार्यपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्या व्यक्तीकडे जाऊन ती मिळवायची, तिचा आधार नोंदवायचा, पाठभेद असेल तर तोही सांगायचा, आणि नागदेवाचार्यांकडून ती शोधून घ्यायची. जखमी सैनिकांच्या खाटांपाशी बसून बेपत्तांची खबर घेणारा फॉर्स्टर आणि शिष्यांच्या दारोदार जाऊन लीळा गोळा करणारे म्हाइंभट यांच्या श्रद्धा सर्वस्वी भिन्न आहेत. साक्ष घेण्याची कृती मात्र एकच आहे. अनुपस्थिताविषयी साक्ष गोळा करणाऱ्यांनाच पुढे जागेचा प्रश्न पडतो, हा योगायोग नव्हे.

१२८७-८८च्या सुमारास गोविंदप्रभूंनी देह ठेवला. ज्याच्यासाठी माणसे येत होती तो आकर्षणबिंदू नाहीसा झाला. शिष्यपरिवार नागदेवाचार्यांसह निंबे गावाकडे गेला. राजकीय वातावरणही पालटत होते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी अचलपुरावरूनच देवगिरीवर चालून गेला आणि १३१८ पर्यंत यादवांची सत्ता संपुष्टात आली. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि पुढे निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातून तिचे पाठ सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. पुरुष गेला, ग्रंथ गेला. उरले ते गाव.

४

या रिकाम्या गावाचे काय करायचे, या प्रश्नाचे महानुभावांनी दिलेले उत्तर म्हणजे 'स्थान' ही संकल्पना. ईश्वराच्या असन्निधानात साधकाला आधार देणारे चार घटक या पंथाने मानले : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. यांतील 'स्थान' म्हणजे ज्या भूमीला अवताराचा संबंध घडला ती जागा. ही व्याख्या वरवर तीर्थक्षेत्रासारखी दिसते. परंतु तीर्थमाहात्म्याच्या पौराणिक परंपरेशी तिचा मूलभूत विरोध आहे. माहात्म्यग्रंथ देवतेचा महिमा सांगतो, स्नानदानाचे फळ सांगतो, पापक्षालनाची हमी देतो. चक्रधरांनी देवतोपासना नाकारलेली असल्यामुळे महानुभावांच्या लेखी देवळातील देवतेला महत्त्व उरले नाही. देऊळ उरले ते पत्त्यापुरते. त्या देवळाच्या कोणत्या कोपऱ्यात स्वामी बसले, कोणत्या बाजूला त्यांची आरोगणा झाली, कोठे ते पहुडले, हे महत्त्वाचे.

ही दृष्टी जिने ग्रंथबद्ध केली ती 'स्थानपोथी' चौदाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झाली असे मानले जाते, आणि ती मुनी व्यास कोठी यांच्या नावाशी निगडित आहे. म्हणजे इब्न बतूता दीपगृहाच्या ढिगाऱ्यापुढून परतला त्याच्या आगेमागेच दख्खनेत कोणीतरी गावोगाव हिंडून नाहीशा झालेल्या पावलांच्या जागा निश्चित करीत होते. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ही पोथी आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. तिचा उपयोग मात्र बहुतेक करून यादवकालीन भूगोलाचे साधन म्हणून झाला. गावांची नावे, देवळांची दिशा, नद्यांचे काठ यांची माहिती तीतून काढून घेतली की तिचे काम संपले, अशी आपली समजूत दिसते. वाङ्मय म्हणून ती कोणी फारशी वाचलेली नाही.

वस्तुतः तिच्या गद्याला स्वतःचा आकृतिबंध आहे. ते जवळजवळ सर्वस्वी दिशांचे गद्य आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, आत शिरताना उजव्या हाताला काय, त्या पलीकडे कोणती भिंत, आणि तेथे काय घडले. वाक्ये आखूड आहेत आणि क्रियापदे मोजकी. विशेषणे जवळपास नाहीत. अलंकार नाहीत, भावनेचा उच्चार नाही. अवस्थान, वसती, आसन, आरोगणा, पहुड, परिश्रय अशा संज्ञांनी जागांचे प्रकार सांगितले जातात. दीर्घ मुक्कामाची जागा आणि देहधर्माला बसण्याची जागा या दोहोंची नोंद सारख्याच गांभीर्याने होते. महत्त्वाची उतरंड येथे नाही. सम्राटाचा राज्याभिषेक जेथे झाला ते स्थळ आणि त्याने पाणी प्यायले ते स्थळ यांत कोणताही इतिहासकार भेद करील. स्थानपोथी तो करीत नाही.

या कोरडेपणाचे कारण भावनेचा अभाव हे नव्हे. ज्या जागेवर खूण म्हणून काहीच उरलेले नाही, तेथे पाहणाऱ्याला उभे करायचे असेल तर भाषेला अचूक व्हावेच लागते. आज हे देऊळ आहे, उद्या ते पडेल. म्हणून दुसऱ्या देवळापासूनचे त्याचे अंतरही सांगून ठेवायचे. एक आधार गेला तर दुसरा राहावा, अशी ही तजवीज आहे. स्थानपोथीतील प्रत्येक दिशादर्शक शब्दाच्या मागे विनाशाची जाणीव आहे, आणि तिच्या गद्यातील कारुण्य तेथेच आहे.

पंथाच्या काव्यपरंपरेतही या दृष्टीला मानाचे स्थान मिळाले. महानुभावांच्या प्रसिद्ध 'साती' ग्रंथांपैकी दोन स्थलवर्णनपर आहेत : रवळोव्यासांचे 'सह्याद्रिवर्णन', जे माहूरच्या डोंगराशी व दत्तात्रेयाशी निगडित आहे, आणि नारोव्यास बहाळिये यांचे 'ऋद्धिपूरवर्णन'. सात प्रमाण काव्यांपैकी दोन काव्ये नगर वा पर्वत यांना वाहिलेली असावीत, ही बाब प्राचीन मराठी काव्याच्या विवेचनात पुरेशी ठसलेली नाही. संस्कृत महाकाव्यात नगरवर्णन येते ते कथेचे एक अंग म्हणून. येथे नगरी हीच काव्याचा विषय झाली आहे. स्थानपोथीचे गद्य यात्रिकाचे पाऊल योग्य जागी पडावे म्हणून लिहिलेले, तर 'ऋद्धिपूरवर्णना'तील ओव्या त्या पावलाला ओढ लागावी म्हणून रचलेल्या. एक पत्ता सांगते, दुसरे हाक मारते. फॉर्स्टरने ज्या दोन गोष्टी एकाच पुस्तकात शेजारी ठेवल्या, त्या वऱ्हाडात निदान साडेपाचशे वर्षे आधी दोन निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांत सिद्ध झालेल्या होत्या.

वऱ्हाडातीलच एका उलट उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. अमरावतीच्या पश्चिमेस दर्यापूर तालुका आहे. त्याच्या नावात दर्या आहे, तो खारपाणपट्ट्यात येत असल्याने विहिरींना खारे पाणी आहे. समुद्र मात्र नाही. या तालुक्यातील लासूर येथे आनंदेश्वराचे यादवकालीन, काळ्या पाषाणाचे देखणे मंदिर उभे आहे. त्यातील शिल्पकाम पाहणाऱ्याला कोणत्याही पोथीवाचून थांबविते. मॅक्‌कॅनेलच्या परिभाषेत बोलायचे तर येथे वस्तू आहे, खूण क्षीण आहे. त्या मंडपात कोण बसले, कोण बोलले, कोणाची भाकर तेथे सोडली गेली, हे सांगणारी संहिता नाही. म्हणून लासूर हे 'स्थळ' आहे आणि ऋद्धिपूर हे 'स्थान' आहे. पहिल्याकडे डोळे जातात, दुसऱ्याकडे स्मरण जाते. दर्शनी वैभवाच्या तराजूत लासूरचे पारडे जड ठरेल. यात्रेकरूंचा अखंड ओघ मात्र ऋद्धिपूरकडे आहे.

५

येथवरच्या विवेचनातून दोन्ही संहिता एकाच माळेच्या आहेत असा समज होऊ नये. त्यांतील भेद साम्याइतकाच बोलका आहे.

पहिला भेद वाचकाचा. फॉर्स्टरचे पुस्तक कोणत्याही आगंतुकासाठी आहे. महानुभावांचे ग्रंथ मात्र दीर्घकाळ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंद होते. ऋद्धिपूरचा रस्ता सर्वांना मोकळा, आणि ऋद्धिपूरची संहिता पंथाबाहेरच्यांना बंद, अशी विलक्षण स्थिती कित्येक शतके होती. राजमठासमोरून जाणाऱ्या पंथाबाहेरच्या माणसाला तेथे काही दिसत नव्हते, कारण दिसण्याला लागणारी भाषा त्याच्याजवळ नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही महंतांच्या सहकार्याने आणि वि. का. राजवाडे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने प्रभृतींच्या परिश्रमाने हे भांडार उघडले. पुढे कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा गोविंदप्रभुचरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये आला. लिपी उलगडली तेव्हा केवळ काही ग्रंथ हाती आले असे नव्हे. एक संपूर्ण नगरी दिसू लागली.

दुसरा भेद निवडीचा. फॉर्स्टरची अलेक्झांड्रिया ही अलेक्झांडर, क्लिओपात्रा, प्लोटायनस, अथनेशियस अशा थोरांची आहे. अरबी राजवटीच्या शतकांना त्याच्या इतिहासात फारच थोडी जागा आहे, आणि त्याच्या काळात त्या नगरीत राबणारा सामान्य मिसरी माणूस त्याच्या नगरदर्शनात जवळपास दिसत नाही. हरवलेल्या ग्रीक नगरीचा शोध घेताना समोरची नगरी त्याने पुसट केली. गोविंदप्रभुचरित्राच्या ऋद्धिपुरात मात्र बाया, मुले, बाजारकरी, शेजारी यांचीच वर्दळ आहे. राऊळ ज्यांच्या दारात शिरले त्यांच्यामुळेच लीळा घडल्या. तरीही येथे एक सावधगिरी हवी. स्थानपोथीची नगरीही निवडलेलीच आहे. ज्या घराला अवताराचा संबंध घडला नाही, ते घर तीत नाही. खूण जे दाखविते त्याच्या पलीकडचे झाकते, हा कलरचा इशारा पवित्र संहितेलाही लागू पडतो.

तिसरा भेद उभे राहण्याच्या रीतीचा. मॉरिस हाल्बवाक्स याने १९४१ मध्ये पॅलेस्टाइनातील ख्रिस्ती स्थळांविषयी दाखवून दिले, की समूहाचे स्मरण जागांना चिकटूनच टिकते आणि समूह बदलला की जागाही सरकतात. फॉर्स्टर मात्र त्या नगरीच्या स्मरणसमूहातला कोणीच नव्हता. अलेक्झांड्रियाचे पुस्तक प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, तो मध्य हिंदुस्थानातील देवास (थोरली पाती) या मराठी संस्थानात तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस होता. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने पाहिला आणि पुढे आपल्या लेखनात वापरला. त्या उत्सवात त्याला गोंधळ दिसला, ओसंडणारा आनंदही दिसला. पण तो त्यात प्रेक्षक म्हणूनच उभा होता. ऋद्धिपूरच्या यात्रिकाला असे कडेला उभे राहता येत नाही. ओट्यापाशी तो वाकतो, कपाळ टेकवितो. त्याच्या देहाची कृती ही वाचनाचाच भाग असते. संहितेतील दिशा देहाने पुन्हा गिरविल्यावाचून तिचे वाचन पूर्ण होत नाही.

६

हा सारा विचार आज केवळ ऐतिहासिक राहिलेला नाही. अलेक्झांड्रियात २००२ मध्ये 'बिब्लिओथेका अलेक्झांड्रिना' हे भव्य आधुनिक ग्रंथालय उघडले. प्राचीन ग्रंथालयाच्या स्मरणासाठी उभारलेली ही वास्तू आता स्वतःच त्या नगरीचे प्रमुख प्रेक्षणीय स्थळ आहे. रिकाम्या जागेवर अखेर पाहण्याजोगे काहीतरी आले. इकडे महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा केली आणि विद्यापीठ आकाराला येऊ लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि 'मराठीच्या आद्य गद्याची भूमी' ही ऋद्धिपूरची ओळख पंथाबाहेरच्या मराठी माणसापर्यंत पोहोचली. येत्या काळात तेथे येणाऱ्यांत यात्रिकांबरोबरच विद्यार्थी, अभ्यासक आणि हौशी प्रवासी असतील.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु येथेच 'स्थान' आणि 'स्थळ' यांतील भेद कसोटीला लागणार आहे. प्रेक्षणीयतेच्या अपेक्षेने आलेल्याला काहीतरी भव्य दाखविण्याचा मोह प्रशासनाला होतो, श्रद्धाळूंना होतो आणि विद्वानांनाही होतो. कमान उभी राहते, संगमरवर बसतो, पाटीवर 'येथे मराठीचा पहिला ग्रंथ लिहिला गेला' अशा अर्थाची एक ओळ येते. ही ओळ खोटी नसते, पण ती सर्व जागांना एकाच घटनेत कोंबते. ज्या पोथीने बसण्याची, जेवण्याची, झोपण्याची जागा निरनिराळी राखली, तिच्या गावात एकच स्मारक उरावे, यापरता विरोधाभास कोणता? भव्य खूण लहान खुणांना गिळते. दीपगृहाच्या जागी किल्ला दिसू लागला की दीपगृह शोधण्याची गरजच भासेनाशी होते.

म्हणून ऋद्धिपूरचा प्रश्न वारसा-जतनाचा आहे तितकाच तो समीक्षेचाही आहे. स्थानपोथीला आपण जोवर कच्चे साधन समजत राहू, 'ऋद्धिपूरवर्णना'ची बोळवण साती ग्रंथांच्या यादीत एका ओळीने करीत राहू, तोवर त्या गावाकडे जाणाऱ्याच्या हाती आपण रिकाम्या जागेशिवाय काही ठेवू शकणार नाही. लीळाचरित्राचा अभ्यास भाषेच्या अंगाने विपुल झाला. त्यातील जागांचे व्याकरण अद्याप अभ्यासले जायचे आहे. नव्या विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने वर्गात लीळा वाचावी आणि संध्याकाळी पोथीतील दिशांप्रमाणे गावातून चालावे; जे जुळते ते नोंदवावे, जे जुळत नाही तेही नोंदवावे, आणि आज त्या जागी कोण राहते हेही विचारावे. म्हाइंभटांची कार्यपद्धती याहून फार वेगळी नव्हती.

भूमध्य समुद्रावरील ती नगरी आणि वऱ्हाडातील हे गाव या दोहोंनी शिकविलेली गोष्ट एकच आहे. नगरीची मोहिनी तिच्या दगडांत साठून राहत नाही. नगरीविषयी अचूकपणे बोलणारे कोणी असेल तोवर ती टिकते. अलेक्झांड्रियाला तसा बोलणारा बाहेरून मिळाला. ऋद्धिपूरला तो आपल्याच भाषेत, भाषेच्या अगदी आरंभकाळी मिळाला होता. त्याचे बोलणे ऐकू येण्याइतकी शांतता आपण तेथे राखतो की नाही, एवढेच आता पाहायचे आहे.